सूट नको, माफी

"सूट? सूट कशाला घेऊ? कापडाच्या दुकानात आले का मी?" नंदाबाईनं कागद टेबलावरून परत लोटला.

भालचंद्र वकिलांनी दौत सावरली. जालन्याच्या कोर्टात त्यांनी बावीस वर्षं काढली होती, पण नवऱ्याच्या सुटकेचा कागद असा लोटणारी बाई पाहिली नव्हती.

"वहिनी, अंगठा लावा जल्दी," दीर श्रीपती काकुळतीला आला. "दादा अमावस्येच्या आत घरी येईल."

दादा म्हणजे कचरू, नंदाबाईचा नवरा. पिंपळगाव रेणुकाईत बांधाच्या भांडणात एकाचा जीव गेला आणि कचरूला फाशी झाली. सासऱ्यानं हैदराबादेत खेटे घालून फाशीची जन्मठेप करून आणली होती. कचरूला तुरुंगात जाऊन आठ वर्षं झाली. सासरा गेला, हैदराबादचं राज्य जाऊन मुंबईचं आलं. मुंबईनं आता उरलेली वर्षं सोडली होती. अट एकच, बायकोनं त्याला घरात घेण्याची हमी द्यायची.

"मला नीट सांगा, साहेब. सूट घेतली तर ते खुनीच राहतात ना?"

"राहतात. गुन्हा तोच, शिक्षा तीच. फक्त वर्षं कमी."

"अन् फाशीची जन्मठेप झाली तवा?"

"तेव्हा शिक्षा बदलली, गुन्हा तसाच राहिला. डाग पुसला जातो तो पुऱ्या माफीनं. पण बाई, ती मिळणं फार कठीण. माझ्या हातून आजवर एकही मिळालेली नाही."

"मंग माफीच पाहिजे!" नंदाबाईनं टेबलावर मूठ आपटली. "भावजी, दादानं खून केला न्हाई म्हणून तुम्ही गावभर सांगून राह्यले ना? मंग खुनी म्हणून त्यांना घरात का आणू? सरकारनं भीक घालायची अन् आपण पदर पसरायचा? बिलकुल न्हाई! माफी येईल तवा येईल. तोवर ऱ्हाऊ द्या तिथंच."

श्रीपतीचे डोळे भरून आले.

वकिलांच्याही अंगात वारं शिरलं. इतकी वर्षं आपण सरकारपुढं हात जोडून सूटच मागत आलो, याची त्यांना चीड आली. श्रीपतीला त्यांनी अर्जावर लावायची कोर्टाची तिकिटं आणायला पिटाळलं आणि कोरा कागद पुढं ओढला. उलटलेला साक्षीदार, पंचनाम्यातला घोळ, सगळं ते लिहीत गेले. टाक कागदात रुतत होता.

"बाई, मी स्वतः मुंबईला जातो," ते म्हणाले. "या अर्जाला नाही म्हणायची कुणाची छाती होणार नाही. माफी आणूनच दाखवतो!"

नंदाबाई उठली. तिनं दाराबाहेर डोकावून पाहिलं. श्रीपती रस्त्यापलीकडं गेला होता. ती परत आली आणि तिनं अर्जावर हात ठेवला.

"इतकं बराबर लिहू नका, साहेब," ती हळूच म्हणाली. "हा अर्ज नामंजूर झाला पाहिजे. आठ वर्षं झाली, माझ्या अंगावर एक वळ उठला न्हाई."