कंबर एक, कागद सहा

व्यसनमुक्ती समितीच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्ष झोपले.

कुणी मनावर घेतलं नाही. मारुतराव, म्हणजे सगळ्या दिघीचे तात्या, हल्ली कुठंही झोपत. मागच्या आठवड्यात तर स्वतःच्या सत्कारात झोपले. अंगावर घातलेली शाल तशीच तोंडावर ओढून घेतली. वय बहात्तर, एके काळचे नामांकित पैलवान, दीड वर्षापूर्वी कंबरेचं ऑपरेशन. शिवाय ही बैठक बोलावली होती त्यांनीच. "गावात गोळ्या लई झाल्यात, काहीतरी बंदोबस्त करा," असा एकेकाला फोन लावून.

बैठक तालमीच्या हॉलमध्ये होती. मागे फ्लेक्स होता. 'नशेला नाही म्हणा' ही अक्षरं बारीक, तात्यांचा हात जोडलेला फोटो भला मोठा.

"पोरं बिघडलीत," प्रीतम म्हणाला. तो तात्यांचा पुतण्या. चाकणच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून थेट आला होता.

"ती नव्या टॉवरमधली आसणार," दूधवाल्या छबूबाई म्हणाल्या. त्यांना टॉवरमध्ये लिफ्टने जाऊ देत नाहीत, तेव्हापासून सगळ्या गोष्टी टॉवरमधल्याच असतात.

"कोण खातं ते राहू द्या," तात्यांच्या पत्नी सुभद्राबाई चहाचा ट्रे फिरवत म्हणाल्या. "जो आणून देतो ना, त्याला आधी तुडवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या साधनाने टेबलावर सहा कागद मांडले.

"आम्हा चार मेडिकलवाल्यांचा एक ग्रुप आहे," ती म्हणाली. "त्यावर आजवर फक्त सुप्रभात आणि गुलाब यायचे. परवा मी एक प्रिस्क्रिप्शन टाकलं, दुखण्याच्या गोळ्यांचं. तासाभरात बाकीच्यांकडून तेच प्रिस्क्रिप्शन आणखी पाच वेळा आलं. सगळ्या झेरॉक्स. सगळ्यांवर उजव्या कोपऱ्यात चहाचा गोल डाग. डॉक्टर दर वेळी त्याच जागी चहा सांडत नाहीत."

सगळ्यांनी आपापले कप जरा जपून धरले.

"गोळी साधी नाही. अफूच्या कुळातली आहे. माणूस एक, कंबर एक, आणि डोस सहा जणांचा. असंच चाललं तर हा माणूस एखाद्या दिवशी झोपेत श्वास घ्यायचा विसरेल."

कंबर म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा अध्यक्षांकडे वळल्या. अध्यक्ष घोरत होते. घोरता घोरता थांबले. हॉलमध्ये कुणी हललं नाही. ट्रेमधला एक कप नुसताच वाजला. मग घोरणं पुन्हा सुरू झालं आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

प्रीतमने हळूच हात वर केला. "त्यातला एक कागद माझा. तात्या म्हणाले, लेका, फक्त तुलाच सांगतोय."

"फक्त तुला?" छबूबाई ताडकन उठल्या. "मला म्हणाले, छबू, तुझ्याबिगर कुणावर इस्वास न्हाई. किटलीच्या झाकणात लपवून नेते मी!"

ज्ञानेशचा चेहरा पडला. तो तात्यांच्या बिल्डिंगमधला भाडेकरू, लातूरचा. "मला तर म्हणाले, तू भाडेकरू नाहीस, पोटचं लेकरू आहेस."

मागच्या बाकावर तीन पैलवान एकमेकांकडे संशयाने बघत होते. "आमाला गुरुदक्षिणा मागितली," त्यातला एक म्हणाला. "म्हंजी, मला मागितली. या दोघांचं मला आत्ता कळतंय."

पुढची दहा मिनिटं बैठक मूळ विषय सोडून तात्यांचा खरा लाडका कोण, यावर चालली. शेवटी सुभद्राबाईंनी ट्रे टेबलावर आपटला. त्यांचे डोळे भरले होते.

"लाज न्हाई वाटत? माया करताय का मारताय माणसाला?"

"आजपासून बंद," प्रीतम म्हणाला. "एक गोळी मिळणार नाही."

"तसं नको," साधना म्हणाली. "एकदम तोडली तर हाल होतील. अंग ठणकेल, उलट्या होतील, डोळ्याला डोळा लागणार नाही. मी डॉक्टरांशी बोललेय. ते हळूहळू उतरवतील. गोळी एकाच दुकानातून, मोजून. पण काही आठवडे रोज कुणीतरी दिवसभर जवळ पाहिजे. हा माणूस मागेल, रडेल, शिव्या देईल. गुरुदक्षिणासुद्धा मागेल. द्यायची नाही."

तिने कागद उलटे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूंवर वार लिहायला घेतले. गुरुवार प्रीतमचा, कारण एमआयडीसीची सुट्टी. सोमवार छबूबाईंचा. शनिवार ज्ञानेशचा. पैलवानांनी मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार वाटून घेतले, थोडी झोंबाझोंबी करून.

सहा कागद, सहा वार.

"रविवार राहिला," साधना म्हणाली. "रविवारी कोण?"

प्रीतमची रविवारी शिफ्ट होती. छबूबाईंना रविवारी दुप्पट दूध घालायचं असतं. ज्ञानेश फ्लेक्स वाचू लागला. पैलवान छताकडे बघत होते. सुभद्राबाई कप गोळा करत होत्या.

तेवढ्यात तात्यांचं घोरणं थांबलं.

सगळे जागच्या जागी गोठले. एक क्षण. दुसरा. तात्यांनी डोळे उघडले नाहीत. हाताची घडी मात्र नीट केली.

"रविवार सुभद्राला द्या," ते म्हणाले. "सातवी झेरॉक्स तिच्या तांदळाच्या डब्यात हाय."