शंभराचा वेग

"जीप चालूच ठेवलीय मॅडम, आम्ही नेतो त्याला शहरात," माडावरून पडलेल्या शिवरामचा भाऊ पुन्हा म्हणाला. डोक्याला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्यांचा टेकू देऊन शिवरामला टेबलावर निजवलं होतं.

"मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे बघेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही," गावच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या हेमांगीने ठणकावलं. मोबाइलने काढून पाठवलेला फोटो शहरातल्या डॉक्टरांनी नापास केला होता. मूळ चित्रच हवं होतं, आणि कॉम्प्युटरचं कनेक्शन मिनिटामिनिटाला तुटत होतं.

केबल उपसल्यावर तिला स्वतःचाच प्रताप दिसला. काल खंडेनवमीला तिने मशीन, कॉम्प्युटर, सगळं मनोभावे पुजलं होतं. नेटवर्क कार्डाच्या आठ पिनांपैकी शेवटच्या दोन वाळलेल्या कुंकवाने माखल्या होत्या. खरवडूनही निघेना.

तिने कार्डाची सेटिंग उघडली. वेग 'ऑटो'वर होता, म्हणजे कार्ड दरवेळी सर्वांत मोठ्या, हजाराच्या वेगामागे धावणार, त्याला आठही पिना लागणार आणि ते तोंडघशी पडणार. शंभराच्या वेगाला चारच पुरतात, आणि त्यांत या दोन नव्हत्या. तिने शंभर निवडलं.

चित्र हळूहळू सरकू लागलं, पण आता तुटलं नाही.

शहरातल्या डॉक्टरांचा फोन आला. तिने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "मानेचा मणका सरकलाय. जीपमध्ये घातला असता तर जन्माचा लुळा झाला असता. आमची गाडी निघालीय."

भाऊ बाहेर गेला आणि तासभर घुरघुरणारी जीप त्याने बंद केली.