मोहाच्या पाड्यावरचा पहिला तांब्या

जवळ सरका मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. एका तांब्याची गोष्ट सांगायची आहे, आणि ती एका पेल्यापासून सुरू होते.

"नको गं, शहाळं आणलंय मी माझं," म्हणत नरहरीकाकांनी पाण्याचा पेला लेकीकडे परत सरकवला.

लेक मेघाली, बोईसरला दिलेली. मध्यंतरी आफ्रिकेतल्या मलावी देशात एका सेवाभावी संस्थेचं काम करून आली होती. तिथल्याच खेड्यातली थोकोझानी आज तिच्याकडे उतरली होती. हापसे दुरुस्त करणाऱ्या बायकांचं शिबिर होतं बोईसरला, त्यासाठी आलेली. काका केळव्याहून मुद्दाम तिला भेटायला आले होते, कारण तिच्या गावचा हापसा केळव्याच्या कीर्तन मंडळानं दिला होता. बुवांनी एकदा तहानेवर निरूपण केलं, आणि त्या उत्सवात आरतीच्या ताटात जे पडलं ते सगळं तिकडे गेलं. बाई आभार मानायला आलीय, असं काका धरून चालले होते.

थोकोझानीनं पेल्याकडे बोट करून काही विचारलं.

"बाबा, ती विचारतेय, पाणी का नाही घेतलंत?"

काका खुलले. बुवांच्या मागे उभं राहण्यात जन्म गेलेला, समजावून सांगायची संधी ते सोडत नसत. "सांग तिला, मुलगी ज्या घरी दिली त्या घरचं पाणी बाप पीत नाही आमच्यात. दिलं ते दिलं. देणाऱ्यानं त्याला परत तोंड लावायचं नाही."

थोकोझानीचा पुन्हा प्रश्न.

"मुलगी दिली तरच, का काहीही दिलं तरी?"

"काहीही. अगं, दान म्हणजे दान. उद्या मी हिच्या गावी गेलो ना, तरी हिच्या हापशाचा थेंब घेणार नाही. सांग."

मेघालीनं सांगितलं. काकांना वाटलं, बाई हसेल. ती हसली नाही. धडा घ्यावा तशी तिनं हळूच मान हलवली.

मग भाड्याची जीप चालवणाऱ्या भावेशच्या गाडीतून सगळे डोंगराकडे निघाले. मोहाच्या पाड्यावर आज नवा हापसा सुरू व्हायचा होता. तो दिला कुणी, हे पाड्यालाही ठाऊक नव्हतं. मेघालीच्या संस्थेतून आला आणि देणाऱ्यांनी नाव लावू नका म्हटलं, एवढंच.

"असतील कुणी मोठे लोक," काका म्हणाले.

"मोठे लोक पाटी लावल्याबिगर ऱ्हातात काय, काका?" भावेशनं गिअर टाकला.

मेघाली खिडकीबाहेर बघत राहिली.

वाटेत थोकोझानी आपल्या गावाचं सांगत होती. हापसा आल्यापासून तिथली प्रत्येक बाई दळणाला बसायच्या आधी मूठभर मका बाजूला काढते. पाण्याची मूठ म्हणतात तिला, आणि पोतं भरलं की बाजारात विकतात.

"दुरुस्तीला लागत असेल," काका म्हणाले. "चांगली सवय आहे."

"चांगली आहे," मेघाली म्हणाली.

पाड्यावर हापशाला झेंडूची माळ घातली होती. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांत पुढं मंगळी, पाड्यातली वडीलधारी, आणि शेजारी काठीवर रेललेली तिची सून सपना. मागच्या उन्हाळ्यात घळीतल्या झऱ्याचं पाणी वर आणताना ती हंड्यासकट घसरली होती. पाय तेव्हापासून सरळ पडत नव्हता.

पाड्याची रीत अशी, की नव्या पाण्याचा पहिला तांब्या पाहुण्याचा. पाहुणा प्यायला की हंडे भरायचे. त्यानं नाकारलं, तर ते पाणी कुणी घरात नेत नाही.

मंगळीनं तांब्या भरून पुढं धरला. थोकोझानीनं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला.

"घे ना बाय."

थोकोझानीनं मान हलवली. नाही.

"कारखान्याचा खराब नाय गो, डोंगराचा पाणी हाय."

पुन्हा नाही. रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणी डोक्यावरचा हंडा खाली ठेवला, कुणी उगाच हापशाकडे संशयानं बघितलं.

"आण इकडे, मी पितो," काका पुढं झाले.

"तुमी ऱ्हावा. तुमी जवळचे. पयला तांब्या लांबून आलेल्याचा." मंगळीनं तांब्या मागं घेतला. "ही नाय प्यायली तं आमी परत घळीत उतरायचा का? या पोरीनं उतरायचा?"

काकांचं डोकं चालेना. आपल्या मंडळानं हिच्या गावाला पाणी दिलं, आणि ही इथलं ओठालाही लावत नाही? इतक्या वर्षांत कीर्तनात ऐकलेलं सगळं बाजूला राहिलं आणि त्यांना चक्क राग आला.

"मेघाली, हिला रीत सांग की."

"सांगितली, बाबा."

"मग?"

मेघालीनं थोकोझानीकडे बोट दाखवलं.

थोकोझानीनं मंगळीच्या हातातून तांब्या पुन्हा घेतला. पण ती वळली सपनाकडे. तांब्या तिच्यापुढं धरून बराच वेळ काहीतरी बोलली. मेघालीनं पदरानं डोळे टिपले.

"ती म्हणते, पहिला तांब्या लांबून आलेल्याचा असेल तर तो हिचा. त्या घळीतून वर आली ती. तिच्याहून लांबून इथं कुणी आलेलं नाही."

सपनानं सासूकडे बघितलं. मंगळीनं क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. सपना प्यायली. रांगेतला पहिला हंडा हापशाखाली गेला.

काकांचं मात्र समाधान होईना. "ते ठीक आहे. पण हिला स्वतःला दोन घोट घ्यायला काय झालं होतं?"

"बाबा, सकाळी तुम्हीच तर सांगितलंत तिला," मेघाली म्हणाली. "देणाऱ्यानं तोंड लावायचं नाही."

मंडळी, घरी जाऊन ओंजळ भराल, तेव्हा त्या मूठभर मक्याच्या बायांची आठवण ठेवा.