‘भंगार’ची दुसरी कॅसेट

ऐक ना, नुसतं ऐक! सत्त्याण्णवमध्ये आख्ख्या सुरतेत ‘भंगार’ या पंक बँडचे फॅन दोघंच, मी आणि ललित. पहिल्या कॅसेटमध्ये निंबाचा ड्रम असा, की कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाटसुद्धा फिका! आणि दुसरीत ड्रमच नाही, नुसती गोड गोड गिटार. कतारगामला चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, हेच बोलत होतो, तर समोर निंबाच! ललितनं कॉलर धरली, “विकला गेलास ना, साल्या?” निंबानं डाव्या हातानं ठोसा मारला, ललितचा दातच पडला. मग आम्ही त्याला रक्त येईपर्यंत तुडवला.
“एका हातानं लढतो, माज बघ याचा!” ललित ओरडला. मी निंबाची उजवी बाही खिशातून खेचली.

बाही रिकामी होती. “पहिल्या कॅसेटनंतर लूममध्ये गेला रे हात,” निंबा म्हणाला. सांग, तू काय केलं असतंस?