जिमीसाठी आलेले मेसेज

स्वप्नाने फाटक लोटलं तेव्हा साडेतीन वाजले होते. डॉक्टर चारला येणार, हे तिने पेटमित्र ग्रुपवरच वाचलं होतं. त्याआधी कुत्र्याला उचलायचं, गाडीत घालायचं आणि नांदगावला आपल्या घरी न्यायचं. मागच्या सीटवर चादर अंथरून ठेवली होती. भांडायची तयारी तर सकाळपासूनच होती.

पडवीत सेबॅस्टियन बसला होता. सत्तरी ओलांडलेला, काळा चष्मा लावलेला. त्याच्या पायाशी चटईवर जिमी पडला होता. त्याच्या जबड्याखालची गाठ ग्रुपवरच्या फोटोत दिसली होती त्यापेक्षा मोठी होती.

"मी पेटमित्र ग्रुपवरची, नांदगावहून," ती उभ्यानेच म्हणाली. "जिमीसाठी आलेय."

"बरा झाला इलंस गो!" म्हाताऱ्याने चाचपडत फोन उचलला आणि थेट तिच्या हातात दिला. "परवा डोळ्याचा ऑपरेशन झाला. माका अक्षर दिसना नाय. सकाळी बोलून मेसेज टाकलंय, जिमीक सुई देऊ की नको म्हणान. तेव्हापासून फोन वाजताच आसा. शेजारणीक वाचूक सांगलंय, तर तिना दोन वाचल्यान आणि चुलीवर डाळ आसा म्हणान गेली. तू वाच."

"काका, मी वेगळ्या कामासाठी..."

"चार वाजाक इले. डॉक्टर येवच्या आधी माका ठरवूक होया."

फोनवर त्र्याऐंशी मेसेज होते. स्वप्ना खुर्चीच्या कडेला टेकली.

"'काका, त्याला त्रास होत असेल तर सोडवा,'" तिने वाचलं. "'गोव्याला न्या, तिथे ऑपरेशन होईल.' 'आमच्या कुत्रीला हळदीने बरं वाटलं होतं.'"

पुढच्या मेसेजमध्ये एकच शब्द होता. खुनी. तिने बोट वर सरकवलं.

"एक गाळलंस."

"तो... वाईट होता, काका."

"वायट आसात तर ता आधी वाच."

"'खुनी,'" ती म्हणाली. लिहिलेला शब्द डोळ्यांनी वाचताना इतका मोठा वाटला नव्हता. पडवीत तो नुसता उभाच राहिला.

सेबॅस्टियनने मान हलवली. जणू कुणी भाव सांगितला आणि त्याने ऐकून घेतला. "फुडे."

पुढचा मेसेज तिचा स्वतःचाच होता. स्वप्नाने फाटकाकडे पाहिलं. उठून निघून जाता आलं असतं. गाळता आलं नसतं. म्हातारा कान देऊन बसला होता.

"'आजारी पडलं की सुई टोचून मोकळं व्हायचं,'" तिने वाचलं. आवाज तिचा तिलाच परका वाटत होता. "'उद्या तुमच्या मुलांनी तुम्हाला अशीच सुई टोचली तर? असल्या माणसांनी कुत्री पाळूच नयेत.'"

जिमीच्या घशातून घरघर आली. म्हाताऱ्याने न बघताच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ह्या मेसेजीक उत्तर लिव."

"कशाला, काका? जाऊ दे."

"नाय. तेना निदान प्रश्न तरी केल्यान." तो सावकाश सांगू लागला, आणि ती त्याच्याच फोनवर टाइप करू लागली. "लिव, तुमचा म्हणणा माका लागला. पण तुमका जिमीची काळजी आसा, ता कळला. गोव्यात दोनदा नेलंय. डॉक्टर म्हणाले, कापूक येवचा नाय. चार दिवस तो पेज पण गिळणा नाय. बोटान चाटवतंय, ती भायेर येता. तो माझ्याकडे बघता तेव्हा काय विचारता, ता माका कळणा नाय. तुमका कळात तर सांगा. रागान सांगलात तरी चलात."

स्वप्नाने टाइप केलं. अंगठा पाठवायच्या खुणेवर थांबला.

"नाव घाल वरती. तेचा नाव काय?"

"स्वप्ना."

"बाईमाणूस काय." तो तिच्याकडे वळला. "आणि तुझा नाव गो?"

रस्त्यावरून मासे विकणाऱ्या टेम्पोचा भोंगा वाजत गेला. तिने अंगठा खुणेवरून काढून घेतला.

"ताच," ती म्हणाली.

सेबॅस्टियनने चष्मा काढला. एक डोळा लाल होता, पाणावलेला. त्या डोळ्याने त्याने तिच्या दिशेने बराच वेळ पाहिलं. ती शिव्यांची वाट बघत राहिली. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नांदगावसून इलंस?" त्याने एवढंच विचारलं. "इतक्या उनातसून?"

"मी त्याला न्यायला आले होते."

"मगे बघ तेका. नीट बघ."

ती चटईजवळ गुडघ्यांवर बसली. जिमीचा ओठ हळूच वर केला. आतलं मांस काळं पडलं होतं. जिमीने हात चाटायचा प्रयत्न केला. जीभ बाहेर आली नाही.

फाटकाबाहेर डॉक्टरांची मोटारसायकल थांबली. ते पिशवी घेऊन पायरीशी आले आणि दोघांकडे बघत उभे राहिले.

"ठरलं का, सेबॅस्टियनकाका?"

"ठरला," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला.

स्वप्नाने तोंड वर केलं. डोळे भरले होते, पण ती मागे हटली नाही. "माका अजून पटना नाय, काका."

"नाय पटला तरी आसांदे," सेबॅस्टियन म्हणाला. तो खुर्चीवरून उतरला, चटईवर बसला आणि तिच्यासाठी थोडा बाजूला सरकला. "तेचा डोक्या मांडयेर घे. तो सुयेक भियता."

तिने जिमीचं डोकं मांडीवर घेतलं. एवढ्या मोठ्या कुत्र्याचं डोकं, त्याला वजनच नव्हतं.