कुडापलीकडच्या कोंबड्या

दुपारी तीन वाजता गावच्या भोंग्यावरून पुकारा झाला. रात्री पारा उणे अडतीसवर उतरणार, जनावरं आत घ्या. यानरूने आपल्या सहा कोंबड्या सकाळीच घरात घेतल्या होत्या. ती खिडकीच्या काचेवरचं हिव नखाने खरवडून कुडापलीकडे बघत राहिली. शेजारच्या लुआनचं खुराडं उघड्यावर होतं, आणि लुआन घरी नव्हता.

म्हातारा सकाळी कोंबड्यांना कोमट पाणी द्यायला निघाला आणि खुराड्याच्या दारातच घसरून पडला. सरपण टाकायला आलेल्या गाडीवाल्याने त्याला उचलून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हे यानरूला कळलं तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती. गल्लीतल्या बाकीच्या पाच घरांना कुलपं होती. घरातली पोरं दक्षिणेकडच्या शहरांत नोकरीला होती आणि म्हातारी माणसं हिवाळ्यापुरती त्यांच्याकडे गेली होती.

लुआनच्या अंगणात तिने अकरा वर्षांत पाय ठेवला नव्हता. त्याच्या कुत्र्याने तिच्या चार कोंबड्या फाडल्या होत्या, आणि वर तो म्हणाला होता की स्वतःचं कूड नीट ठेवायला शिका. पुढे कुत्रा मेला. अबोला राहिला. तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला लुआन आला होता, पण फाटकाबाहेरूनच मान लववून गेला होता.

सूर्य कलायला लागला तशी यानरूने अंगावर कापसाचा जाड कोट चढवला, गरम पाण्याचा थर्मास घेतला आणि निघाली.

बादली अजून आडवीच पडली होती. सांडलेलं पाणी खुराड्याच्या आतपर्यंत जाऊन काचेसारखं गोठलं होतं. आत सात कोंबड्या आणि एक कोंबडा, पिसं फुगवून एकमेकांना चिकटून बसले होते. त्यातली एक तांबडी कोंबडी बाजूला पडली होती. तिचा पाय बर्फात रुतला होता. यानरू गुडघ्यांवर बसली. थर्मासच्या पाण्यात थोडा बर्फाचा चुरा घालून तिने ते कोमट केलं आणि थेंब थेंब पायावर सोडत राहिली. हातमोजे काढावे लागले होते. पाय सुटला तेव्हा तिच्या बोटांना काही कळत नव्हतं. कोंबडीने पंखसुद्धा हलवला नाही.

तांबडीला तिने कोटाच्या आत, छातीशी धरलं. बाकीच्या दोन-दोन करून काखेत नेल्या. चौथ्या खेपेला अंधार पडला होता. वाजले होते जेमतेम साडेचार.

तिने त्यांना चुलीपासून लांब, दाराजवळच्या गारव्यात पेंढा घालून ठेवलं. कोंबड्याच्या तुऱ्याचं टोक काळं पडलं होतं. त्याला डुकराची चरबी चोळली. मक्याच्या पिठात कोबीची पानं शिजवून पातळसर लापशी केली. तिच्या कोंबड्या ओट्याखालून मान काढून या पाहुण्यांकडे बघत होत्या. तांबडी मात्र कोटातच होती. बऱ्याच वेळाने यानरूच्या पोटाशी काहीतरी खरडलं गेलं. तिने पाण्याची वाटी पुढे केली. कोंबडीने चोच बुडवली, मान वर केली आणि घोट गिळला.

तेवढ्यात फोन वाजला.

लुआनचा मुलगा शूबो बोलत होता. गावच्या कार्यालयातून नंबर मिळाला म्हणाला. बाबांचं खुब्याचं हाड मोडलंय, उद्या शस्त्रक्रिया आहे, आणि चालता यायला लागलं की आपण त्यांना घेऊन जाणार, बाराव्या मजल्यावर आहे घर, पण लिफ्ट आहे. घराचं पुढे बघू. कोंबड्यांचं काय, असं यानरूने विचारलं. जिवंत असतील तर तुम्हीच ठेवा काकू, नाहीतर नववर्षाला कापा, असं तो म्हणाला. मग म्हणाला, बाबांना बोलायचंय.

यानरूने कोटातल्या तांबडीला सावरत फोन कानाशी घट्ट धरला.

"वहिनी," लुआन म्हणाला, "कोंबड्या..."

"आत आणल्यात."

"एकदम चुलीजवळ नका ठेवू. पाय सुजतात."

"मला कळतं, भावजी."

"हो. तुम्हाला कळतं. आणि तांबडी?"

"पाणी प्यायली आत्ताच."

पलीकडे कुणीतरी त्याला पडून राहायला सांगत होतं. त्याने ते ऐकलं नसावं.

"तो कुत्रा मी बांधायला हवा होता," लुआन म्हणाला.

अकरा वर्षांत यानरूने या वाक्याला द्यायची कितीतरी उत्तरं तयार केली होती, सगळी तिखट. त्यातलं एकही आता तोंडात येईना.

"थंडी सरली की न्यायला या कोंबड्या," ती म्हणाली.

"येतो."

शूबो मागून म्हणत होता, पुरे झालं बाबा, नर्स आली.

"वहिनी, त्यांचा आवाज ऐकवता का जरा?"

यानरूने फोन कोंबड्यांजवळ धरला. पण पोटं भरली होती, अंगात ऊब आली होती. एकही कोंबडी आवाज करीना. तिने डब्यातून मूठभर मका काढला आणि विटांच्या जमिनीवर टाकला. सगळ्या उठल्या, तिच्या आणि त्याच्या. टक टक टक टक चोची वाजायला लागल्या. ती उकिडवी बसून फोन अगदी खाली धरून राहिली.

दाणे संपले. फोन चालूच होता. तिने आणखी एक मूठ टाकली.