डोंगरे निघाले चंद्रावर

मुलांनो, कल्पना करा, की तुमचा रेडिओ बोलतो तसा ऐकतोही. तुम्ही घरात हसलात, की ते हसू थेट निवेदकाच्या कानात पोहोचतं.

अशा काळात बारा वर्षांची मृण्मयी दर रविवारी सकाळी रेडिओवर कार्यक्रम करायची. जुन्या काळच्या विज्ञानकथावेड्यांची मासिकं ती शोधून आणायची, त्यांतली पत्रं वाचायची आणि त्यांवर विनोदी गाणी रचून पेटीवर म्हणायची. त्या दिवशी साठ वर्षांपूर्वीचं एक पत्र होतं. चिंतामण डोंगरे नावाच्या मुलाने लिहिलं होतं, 'मी मोठेपणी चंद्रावरच राहायला जाणार.'

मृण्मयीने सूर धरला.

"डोंगरे निघाले चंद्रावरती, डब्यात थालीपीठ,
आई म्हणाली, पोचलास की पत्र टाक रे नीट!"

तिच्या कानात हशा उसळला. तो ओसरल्यावर एक थकलेला आवाज आला. "छान म्हणतेस गं पोरी. तो डोंगरे मीच. पण माझं पुढचं वाक्य का गाळलंस?"

मृण्मयीचे कान तापले. तिची मान वर होईना. ते वाक्य तिने वाचलं होतं. ते घेतलं तर कुणी हसणार नाही, म्हणूनच सोडलं होतं.

काचेपलीकडून तंत्रज्ञ सुलूमावशी म्हणाली, "अगं, पुढचं गाणं घे. त्यांचं बोलणं आपल्या दोघींशिवाय कुणालाच ऐकू गेलेलं नाही."

मृण्मयीने पेटी मिटली. "हे मी मुद्दाम गाळलं होतं," असं सांगून तिने ते वाक्य सगळ्यांना वाचून दाखवलं. "तिथे वजन कमी भरतं म्हणे, म्हणजे माझ्या पोलिओच्या पायांनीसुद्धा मला चालता येईल."